शाळेची एसटी

"ताई, रविवारी परतायला गाडी नाही बरं का. शाळा बंद, की ही एसटी बंद," शनिवारी कंडक्टर म्हणाला होता. मी हसून मान हलवली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच कातळ चढायला निघाले होते.

कातळ चढले. आता रविवारची संध्याकाळ आहे आणि मी दोर घेऊन रिकाम्या थांब्यावर बसले आहे. गाडी उद्या.

घरी सात महिन्यांची शर्वाणी आणि तिचा बाबा. काढून ठेवलेलं दूध दुपारीच संपलं असणार. फोन केला.

"पेज केली मी. खाल्ली तिने. तू ये निवांत," नवरा म्हणाला. मागे शर्वाणी खिदळत होती. रडवेला आवाज त्याचाच होता.

नाशकात आमच्या शेजारी कुणी हे वाचत असेल, तर कृपया बेल वाजवा. शर्वाणी ठीक आहे. तिच्या बाबाला बघून या.