दोबमधली जुडी

कुंपणाला पलीकडून गुलाबी फुलं होती. लोइकला ती दिसली तेव्हा सगळ्यांचं निम्मं जेवण झालं होतं.

सकाळी याच कुंपणाची दोन पानं त्याने अलीकडून तोडली होती. तमालपत्र समजून. थाईम, पार्सली आणि ती पानं दोऱ्याने बांधून त्याने जुडी केली आणि वाईनमध्ये रटरटणाऱ्या मांसात सोडली. घरातलं तमालपत्र कुठे आहे, हे होणाऱ्या बायकोच्या, सिल्व्हीनच्या, आईला विचारायची सोय नव्हती. प्रोव्हान्समधल्या या घरात जावई पसंत करायचा तो त्याच्या हातचं दोब, म्हणजे वाईनमध्ये शिजवलेलं हे मांस, खाऊन. आणि लोइक पडला फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाचा, ब्रिटनीचा, लोण्यावर वाढलेला.

तमालपत्राला गुलाबी फुलं येत नाहीत. कण्हेरीला येतात. कण्हेरीला बकरीसुद्धा तोंड लावत नाही. होणारे सासरे, मार्सलँ, दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

सांगितलं तर लग्न मोडणार होतं. नाही सांगितलं तर लग्नाला मुलीकडचं कोणी उरणार नव्हतं. मुलगीसुद्धा.

"चव आहे हं तुमच्या हाताला," होणाऱ्या सासूबाई, युगेत, पावाने ताट पुसत म्हणाल्या. "ब्रिटनीच्या मानाने."

मार्सलँ खोकले. लोइक ताडकन उभा राहिला.

"खाऊ नका. जुडीत मी चुकून कण्हेरीची पानं बांधलीत."

कोणी काटा खाली ठेवला नाही.

"तुमची जुडी होय?" युगेत म्हणाल्या. "ती तुमची पाठ वळताच मी केरात टाकली. माझी घातली. रागावू नका, पण परक्याच्या भरवशावर पातेलं सोडायला मी काही वेडी नाही."

"तुझी?" मार्सलँ म्हणाले. "तुझ्या जुडीत संत्र्याची साल असते का कधी? तू चर्चला गेलीस की तुझी काढून मी माझी टाकतो. लग्न झाल्यापासून."

"लग्न झाल्यापासून?"

लोइकच्या जिवात जीव आला. तो खाली बसला. आपल्यावर कोणी विश्वास ठेवला नाही म्हणून त्याला आयुष्यात पहिल्यांदाच गहिवरून आलं. डोळे पुसत त्याने सिल्व्हीनकडे पाहिलं.

तिचा घास हातातच राहिला होता. चेहरा पांढराफटक.

"मला केरात लोइकची जुडी दिसली," ती म्हणाली. "फार वाईट वाटलं. बाबांची काढली आणि ती धुऊन परत पातेल्यात टाकली. म्हटलं, या घरात एकाने तरी त्याच्यावर विश्वास ठेवायला नको?"