माशाचे डोळे

छत कोसळलं, सेयितच्या हातातला दिवा पाण्यात पडला आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार झाला.

"आगा! आहात ना?"

"आहे. ओरडू नकोस, उरलंसुरलं छत अंगावर घेशील."

डोंगरातलं पाणी जमिनीखालून गावात नेणारा बोगदा म्हणजे कारेझ. तागान आगांनी चाळीस वर्षं कारेझ खणले होते आणि सेयित बारा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. परतीची वाट आता दरडीनं बुजली होती. समोर सकाळीच फुटलेल्या कपारीतून बर्फगार पाणी येत होतं. त्याला जायला जागा नव्हती, म्हणून ते चढत होतं. बघता बघता मांड्यांना लागलं.

"वरचे लोक खणतील. थांबू," आगा म्हणाले.

"पाणी थांबणारे का? कपारीतून पलीकडे जाऊ."

"पलीकडे काय आहे, तुझ्या बापानं पाहिलंय?"

उद्या सेयितची लेक चाळीस दिवसांची होणार होती आणि त्याला मरायचं नव्हतं. तेवढ्यात त्याच्या पोटरीला काहीतरी थंड, बुळबुळीत घासून गेलं. मग आणखी एक. मग पुष्कळ.

"आगा, मासे!"

"एक धर. डोकं चाचप. डोंगराच्या पोटातल्या माशाला डोळे नसतात. अंधारात त्यांचं काम काय? डोळे लागले तर तो उजेडातला. मग पलीकडे आभाळ आहे."

कारेझ खणणाऱ्यांचा हा जुना ठोकताळा. तो चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

सेयितनं एक मासा ओंजळीत कोंडला आणि डोक्यावरून अंगठा फिरवला. दोन बाजूंना दोन टणक मणी. त्याला रडूच फुटलं. आगांनीही चाचपून पाहिलं. "आहेत," ते म्हणाले. "चल."

छाती भरून श्वास घेऊन दोघं कपारीत शिरले. खडकानं पाठ सोलली. पलीकडे डोकं पाण्यावर आलं, हवा मिळाली. उजेड मात्र नव्हता. सेयितनं हाक मारली. ती बऱ्याच वेळानं परत आली, सगळ्या बाजूंनी. ते कडेकडेनं पोहत राहिले. हाताला नुसता ओला कातळ लागत होता. ज्या कपारीतून आले ती कुठे राहिली, तेही कळेना.

"पण त्याला डोळे होते, आगा! तुम्हीही पाहिलंत!"

"ऐक," आगांचा आवाज अगदी कानाशी आला.

चहूकडे बारीक थाडथाड चालली होती. मासे कातळावर धडकत होते, यांच्या अंगावर धडकत होते, पुन्हा कातळावर.

"इथला मासा असा आपटत नाही. वर कुठे तरी पूर आला असेल, त्याबरोबर हे लांबून आत वाहत आलेत, लेका, आपल्यासारखेच आज. डोळे जायला पिढ्या लागतात."