समोरचा चौथा मजला

"उंची टाकी धरून मोजायची की टाकी सोडून?" बांधकाम परवानग्यांच्या कचेरीतल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, आणि राकेशच्या मस्तकात तिडीक गेली. हाच प्रश्न मागच्या खेपेलाही विचारून झाला होता. त्याच्या आधीच्या खेपेलाही.

"टाकी धरा, सोडा, पाण्यासकट धरा! डोंगराकडच्या बाजूला तीन मजल्यांच्या वर परवानगी नाही आणि तो बिल्डर सात चढवतोय. एवढंच म्हणणं आहे माझं."

"बसा," साहेब म्हणाले. बसायला खुर्ची नव्हती.

दोन वर्षं हेच चाललं होतं. नेरळला चौथ्या मजल्यावर राकेशचा फ्लॅट. खिडकीत सबंध माथेरानचा डोंगर आणि खिडकीशी खाटेवर त्याची आई, ठकूबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला जिना उतरता येत नव्हता, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. भिवपुरीकडचं गावातलं घर बंद करून त्याने तिला इथे आणलं, तेव्हा ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली होती. राकेशने ठरवून टाकलं, आईला डोंगर आवडला. जन्म त्याच्या पायथ्याशी गेलेला, आवडणारच. आणि लगेचच समोरच्या मोकळ्या जागेत पाया खणायला सुरुवात झाली. म्हातारीच्या डोळ्यांपुढे उरलेलं आयुष्य भिंत! राकेश पेटून उठला.

तो एकटाच पेटला, बाकीची सोसायटी ओल्या लाकडासारखी धूर काढत बसली. दुसऱ्या मजल्यावरचा गजा म्हणाला, "माझ्या खिडकीतनं जिना दिसतो. मी डोंगरासाठी कशाला सही करू?" सेक्रेटरीला त्याच बिल्डरकडून गच्चीची गळती फुकटात काढून घ्यायची होती. एक गृहस्थ तर म्हणाले, समोर सावली आली तर उन्हाळ्यात बरंच पडेल. राकेशला वाटायचं, या माणसांना डोंगर नाही, डोंगराचं कॅलेंडर द्यावं आणि गप्प करावं.

घरीही सुख नव्हतं. त्याची बायको मेघा नोकरीवरून दमून यायची आणि वैतागायची. "रजा घेता ती कचेरीसाठी. एखादा दिवस आईंजवळ बसा की."

"तिच्यासाठीच मरतोय ना मी!" तो खेकसायचा.

त्याच्या तक्रारीवरून समोरचं काम दुसऱ्या स्लॅबवर थांबलं. तेव्हापासून ठकूबाई तो दारात दिसला की विचारायची, "काम लागलं का रं परत?"

"नाय लागू देत मी. तू घाबरू नको," तो सांगायचा आणि पंखा लावून आडवा व्हायचा. आईचा जीव त्या डोंगरात किती अडकलाय, या विचाराने त्याला भरून यायचं आणि बिल्डरचा राग दुप्पट व्हायचा.

आणि आज, साहेबांनी एकदाची टाकी सोडून उंची मोजली आणि निर्णय दिला. तीन मजले, वर टाकी, बस्स. टाकीसुद्धा पलीकडच्या कोपऱ्यात. राकेशला रडूच यायचं बाकी होतं. त्याने स्टेशनजवळ गरम जिलेबी घेतली, चार जिने धापा टाकत चढला आणि पुडा सरळ आईच्या मांडीवर ठेवला.

"आये, जिकलो आपन! त्याला तिनाच्या वर एक वीट चढवता येनार नाय."

ठकूबाईने पुड्याचा दोरा सोडला नाही. "चौथा नायच?"

"चौथा नाय, पाचवा नाय, कायच नाय."

"मंग आपल्या समोर कुनी रावाया येनार नाय?"

"कुनीसुदीक नाय! निस्ता डोंगर. तुझा तुला."

तिने पुडा खाटेवर बाजूला सरकवला. राकेश वैतागला. दोन वर्षं चपला झिजवल्या, आणि हिच्या तोंडावर आनंदाची रेघ नाही. "अगं, डोंगर वाचला तुझा! बोल की कायतरी."

"डोंगर कुटं जातोय रं? जल्मापासून बगत्येय त्याला, एक सबूद बोलत नाय." तिने खिडकीकडे पाठ केली. "मला वाटलं, समोर एकादी बाय यील. कापडं वाळत घालाया भायेर आली, म्हंजी बोलंल माज्याशी. दोन वरसं वाट बगितली तिची."