गिअरबॉक्स कुणी खाल्ला

दोष मुलीच्या माथी मारण्यात बापाचा तिहेरी फायदा होता. त्याच्या सत्तावीस वर्षांच्या ड्रायव्हिंगला डाग लागत नव्हता, खर्च तिच्या साठवलेल्या पैशांतून निघत होता, आणि गाडीची किल्ली पुन्हा त्याच्या एकट्याच्या खिशात येत होती. मुलीचा फायदा म्हणाल तर एकच: कबूल केलं की बाप बोलायचा थांबेल. तो काही थांबला नाही.

गाडी म्हणजे ब्रेड पोचवायची छोटी व्हॅन. सकाळी बेकरीतून ट्रे उचलायचे, दुकानादुकानांत टाकायचे. घर त्यावर चालायचं. दोन महिने दुसरा गिअर टाकताना खरखर यायची. सोमवारी तो पडेचना. बेकरीवालीने निरोप पाठवला होता: एक तारखेपर्यंत थांबते, मग काम दुसऱ्याला. एक तारीख बारा दिवसांवर होती.

मिस्त्रीने गिअरबॉक्स खोलून बाकावर मांडला होता. दुसऱ्या गिअरचे दात झिजून गोल झाले होते. खालच्या तेलात पितळेचा चुरा चमकत होता.

"गाडी कोण चालवतं?" मिस्त्रीने विचारलं.

"मीच. पण हीसुद्धा शिकली यावर," बापाने मुलीकडे बोट केलं.

"तरीच. क्लच मी तपासला, ठणठणीत आहे. तो अर्धवट दाबून गिअर बदलत राहिलं की अशी गत होते. शिकाऊ पायाचं काम."

घरामागच्या मैदानात मुलगी सहा रविवार गाडी शिकली होती. क्लच कितीदा पुरता दाबला, कितीदा नाही, कुणी मोजलं होतं?

"पोरीने गिअरचे दात पाडले," बाप म्हणाला, "आणि आता माणसांचे बसवायला शिकणार आहे."

मिस्त्री हसला. मुलगीही थोडी हसली. कृत्रिम दात बनवण्याच्या अभ्यासक्रमाला तिला जागा मिळाली होती. फी शुक्रवारपर्यंत भरायची होती. चार वर्षं औषधांच्या दुकानात उभं राहून तिने ती जमवली होती.

मिस्त्रीने दोन रस्ते सांगितले. हाच गिअरबॉक्स नवे भाग घालून बांधायचा: नऊ दिवस, आणि पैसे जवळजवळ तिच्या फीइतके. नाहीतर भंगारात निघालेल्या व्हॅनचा जुना आणून बसवायचा: दोन दिवस, पैसे एक तृतीयांश.

"पण जुन्याची हमी मी देणार नाही. आधी कुणी चालवला, कसा चालवला, देव जाणे."

"जुनाच घेऊ या, बाबा," मुलगी म्हणाली. "उरलेल्यात माझा पहिला हप्ता बसतो. मी विचारलंय तिथे."

"म्हणजे एकीने खाल्लेला काढायचा आणि दुसऱ्याने खाल्लेला बसवायचा."

"काका, वर्षभर तरी चालेल ना जुना?"

"चालेलही. महिन्यात बंदही पडेल." मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. "दादा, सरळ सांगतो. पुढे तुम्ही एकटेच चालवणार असाल, तर बांधून घ्या. मुरलेला पाय आहे, दहा वर्षं बघायला नको. शिकाऊ माणूस चालवणार असेल, तर जुना घ्या. चांगल्याची माती कशाला करायची?"

बाप मुलीकडे वळला. "तू आता स्टिअरिंगला हात लावायचा नाहीस."

"नाही लावत."

"मग बांधू या."

"पुढच्या वर्षी जागा मिळेलच असं नाही, बाबा."

"आणि जुना महिन्यात बंद पडला, तर? बेकरीवाली दारात तरी उभं करेल का? मग कुठली फी नि कुठलं काय."

बाहेर पडताना बाप पायरीला अडखळला, ती बांधणाऱ्या गवंड्याचा उद्धार केला आणि पुढे चालू लागला. मुलगी त्याच्या डाव्या पायातून निसटून मागे राहिलेली चप्पल उचलून त्याच्यामागे गेली.

"बाबा, चप्पल."

"अगं हो की. कळलंच नाही. डोक्याला ताप काय कमी आहेत?"

शुक्रवारी तिने खातं रिकामं करून पैसे मिस्त्रीच्या हातावर ठेवले. मग संस्थेला फोन करून जागा सोडली. तिथला कारकून म्हणाला, बरं झालं कळवलंत, यादीतला पुढचा कधीचा वाट बघतोय. तिने त्याचे आभार मानले.

नवव्या दिवशी मिस्त्रीने स्वतः व्हॅन चालवून दाखवली. गिअर एका बोटाने पडत होते. कुठे खरखर नाही, कुठे झटका नाही. बापाने डोळे मिटून ऐकलं. "याला म्हणतात काम," तो म्हणाला.

मिस्त्री उतरला. बाप त्याच्या जागी बसला, मुलगी शेजारी. पहिला गिअर पडला तोच कण्हत. व्हॅन फाटकापाशी पोचली, बापाने दुसरा टाकला, आणि सगळं गॅरेज मान वळवून बघेल असा खर्रकन आवाज झाला. त्याने पुन्हा टाकला. पुन्हा तोच आवाज.

बापाने मुलीकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

मिस्त्री धावत आला. "दादा, क्लच! पुरता दाबा, मग टाका."

"दाबलाय की."

मुलीने खाली वाकून पाहिलं. बापाचा डावा पाय पेडलवर होता. पेडल आणि गाडीचा तळ यांच्यात चांगलं चार बोटं अंतर होतं.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "अजून थोडा दाबा."

"आणखी कुठे दाबू? तळाला टेकलाय पाय."