पदकाची बोंडं

धुरपताबाईच्या अंगणात अख्खं गाव जमलं होतं आणि परातीतल्या बोंडांना कुणी हात लावत नव्हतं.

बोंडं गुळाची होती, तेलात तळून चांगली टम्म फुगलेली. आदल्या दिवशी भंडाऱ्याला बड्या साहेबानं तिच्या लुगड्यावर कैसर-ए-हिंद पदक लावलं होतं. लोकसेवेसाठी सरकार देतं ते. आमगावच्या बाजूच्या त्या लहानशा गावात सात पिढ्यांत असं काही आलं नव्हतं.

पदक मात्र हातोहात फिरत होतं. गावाचे मालगुजार केशोराव, त्यांनी ते तळव्यावर तोलून पाहिलं, कपाळाला लावलं आणि पुढे दिलं. बायांनी ते लेकरांच्या डोक्याला टेकवलं. कुणी म्हणे सोन्याचं, कुणी म्हणे पितळेचं. एकदा हातात घेतल्याशिवाय कुणी हलायला तयार नव्हतं.

“आता खा ना जी,” धुरपताबाई म्हणाली. “थंडे होऊन राहिले बोंडं.”

“आज उपास हाये मले,” केशोराव म्हणाले.

“माजा दात दुखून राहिला,” सुमित्राबाई म्हणाली.

मग एकेक करत साऱ्या अंगणालाच उपास लागला. कोणत्या देवाचा, ते कुणी सांगितलं नाही.

गेल्या साली मानमोडीचा ताप आला तेव्हा हेच गाव तिच्या हातची पेज पीत होतं. लोक आपल्याच माणसाजवळ जायला भीत होते आणि ही एकटी घरोघर फिरत होती. ज्यांना उचलायला कुणी उरलं नाही ती प्रेतं तिनं उचलली, धुतली, जात न विचारता. ताप गेला आणि गावाला जात आठवली. साऱ्या जातींची प्रेतं शिवलेली म्हणून तिच्या हातचं पाणीसुद्धा बंद झालं. सरकारनं गौरवलेले हात तरी गावाला चालतील, एवढ्याच आशेनं ती पहाटेपासून चुलीपुढे बसली होती.

“गावाचं नाव काढलंस, बाई,” केशोराव उठता उठता म्हणाले. पदक त्यांनी तिच्या हातात दिलं नाही, ओट्यावर ठेवलं. त्यांच्या मागोमाग अंगण रिकामं झालं.

मागे राहिली ती शेजारची शामकला. दोघी एकाच साली या गावात नांदायला आल्या होत्या.

“एक तरी खा वो,” धुरपताबाई म्हणाली.

शामकलानं परातीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

“मी खाल्लं असतं वो. पन सासू हाये घरी. चुलीजवळ येऊ देनार नाई मले.”

धुरपताबाईला रडू येत होतं, पण शामकलासमोर तिला रडायचं नव्हतं.

शामकलाला जाववेना. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, “केवढं केलंस वो तू आमच्यासाठी! काय दिवस होते ते. आठवलं का अंगावर काटा येते. तसे दिवस दुश्मनावरही येऊ नये.”

धुरपताबाईनं परातीवर फडकं झाकलं.

“मले तेच दिवस बरे होते,” ती म्हणाली. “सकार झाली का घरोघरून हाक येत होती, ‘ये वो धुरपता, ये.’”