धडका

टक्, टक् असा आवाज पुन्हा सुरू झाला आणि वामनराव भरल्या ताटावरून उठले. अंगणात नर कासव मादीला भिंतीशी कोंडून कवचानं धडका देत होतं. मादीनं मान आत ओढली होती. तिच्या मागच्या पायातून रक्त येत होतं.

"सकाळपासून खाऊ नाई देऊन राह्यला तिले," दारात उभी असलेली नूतन म्हणाली. काल ती सासरहून एकटीच आली होती. ब्रह्मपुरीच्या त्या उन्हातही तिनं पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला होता.

घरात कासव पाळणं म्हणजे वनखात्याची केस अंगावर ओढवून घेणं, हे वामनरावांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी गुरांच्या डॉक्टरला, राजदीपला, फोन लावलाच.

राजदीपनं जखम पुसून मलम लावलं. "माजावर आला का नर असाच करते, काका. धडका मारते, पाय चावते. जंगलात मादी दूर निघून जाते. इथी कुठी जाईन?"

"हळूहळू सवय होईन ना तिले?" नूतननं विचारलं.

"सवय नाई होत, ताई. जीव जाते. वेगळी ठेवा. तो तिले दिसलाबी नाई पाह्यजे."

"केस झाली तरी चालते!" वामनराव कडाडले. "पण आता तिले त्याच्यापाशी जाऊ देत नाई. मुकं जनावर हाय, कोणाले सांगन?"

नूतननं मान वर करून बापाकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच तिला जरा बरं वाटलं.

राजदीप गेल्यावर वामनरावांनी परसात विटा रचल्या, जास्वंदीची पानं टाकली, सावलीला पोतं बांधलं. पार घामाघूम झाले. मादीनं हळूच मान काढून पान तोडलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

नूतन त्यांच्याजवळ येऊन बसली. "बाबा, मले तुमाले काही सांगाचं हाय."

"मायनं सांगतलं तुह्या. पाठीवरचे वळबी." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं तो हात धरून ठेवला.

बाहेर मोटारसायकलचा हॉर्न वाजला. नूतनची पकड घट्ट झाली.

"मीच बोलावलं जावईबापूले," हात सोडवून घेत वामनराव म्हणाले. "लोकायनं विचाराच्या आधी बॅग भर, बाई."