नखापासून कोपरापर्यंत

“जंतू न धुतलेल्या हातांनी नाही आला, सिस्टर. साबणात सापडला,” प्रयोगशाळेतल्या बाई फोनवर म्हणाल्या. “बाटल्या धुऊन, वाळवूनच भरता ना?”

सिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांचा तो विभाग. तिथे सगळे त्यांना पाठीमागे ‘फौजदारबाई’ म्हणत. नखापासून कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय त्या डॉक्टरांनाही काचेच्या पेटीकडे फिरकू देत नसत. बेसिनवरची साबणाची बाटली तर त्यांनी दहा वर्षांत कधी रिकामी पडू दिली नव्हती. अर्धी झाली की वरून साबण ओतायचा, थोडं पाणी घालायचं, हलवून ठेवायची. तेही स्वतःच्या हातांनी, कारण दुसऱ्या कुणावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. तळाचा साबण कधीचा होता, देव जाणे!

या महिन्यात तीन बाळांच्या रक्तात तोच जंतू निघाला होता. दोघं सावरली. चार नंबरच्या पेटीतलं, जेमतेम नऊशे ग्रॅमचं, परवा गेलं. तेव्हापासून बेसिनशी कुणी बाटली दाबली की सिस्टर दचकायच्या. का, ते त्यांनाही कळत नव्हतं.

आता कळलं. आणि परवा आपण त्या बाळाच्या आईला काय बोललो, तेही आठवलं. “हात नीट धू म्हणून घसा कोरडा केला मी! आता रडून काय उपयोग?” असं म्हणाल्या होत्या त्या. जीभ झडली कशी नाही आपली, असं त्यांना झालं.

“बाटल्या फेकून द्या आणि विषय संपवा,” मोठे डॉक्टर म्हणाले. “नातेवाइकांना सांगत बसू नका. तुमची दोनच वर्षं राहिलीत नोकरीची.”

सिस्टर “बरं” म्हणाल्या आणि तडक बाळंतिणींच्या वॉर्डात गेल्या.

ती पोर, त्या बाळाची आई, आज घरी जाणार होती. पिशवी भरून तयार होती. ती मात्र कोपऱ्यातल्या बेसिनशी उभी राहून हात धूत होती. बोटांची सालं निघाली होती, तरी चोळत होती. सिस्टरांनी नळ बंद केला.

“अगं, पुरे. तुझ्या हातांनी काही झालं नाही. जंतू आमच्या साबणात होता. आणि तो साबण मी भरायचे.”

पोर त्यांच्याकडे वळली. आता ही आपल्या थोबाडीत मारेल तर बरं, असं सिस्टरांना वाटलं. पण ती हळूच म्हणाली, “एकदा मी हात न धुताच आत घातला होता. त्या दिवशी तुम्ही जेवायला गेला होतात. तो रडत होता, मला राहवलं नाही. त्याने माझं बोट घट्ट धरलं. त्याच बोटाने मी त्याला मारलं, असं वाटायचं मला.”

“नाही गं, बाळा.”

“बाकी रोज धुऊनच लावला हो, तुम्ही सांगाल तसा. नखापासून कोपरापर्यंत.” तिने सोललेले तळवे सिस्टरांसमोर धरले. “म्हणजे माझा स्वच्छ हात त्याला तेवढा एकदाच लागला.”